चोच पाहा, पाहुणा ओळखा



डिसेंबरच्या मध्याला इचिकावातील झाडे रिकामी होऊ लागतात. यावाता येथील कात्सुशिका हाचिमान देवळातला तो प्रसिद्ध गिंको, 'सेन्बोन इचो', तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची पिवळी पाने गळून खाली गालिचा होतो आणि वर नुसत्या फांद्या उरतात. उन्हाळ्यात पानांआड लपणारे पक्षी अशा उघड्या फांद्यांवर सहज दिसतात. पक्षी पाहायला शिकायचे असेल, तर हिवाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही.

या दिवसांत अनेक घरांच्या अंगणात, गॅलरीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात. त्यावर कोण येते, त्याला कसे ओळखायचे आणि दाणे ठेवताना काय सांभाळायचे, हे या लेखात पाहू.

आपल्याकडे एक म्हण आहे : 'ज्याने चोच दिली, तोच चारा देतो.' म्हण देवावरच्या भरवशाची आहे. पण पक्षी पाहणाऱ्याला तिच्यात आणखी एक अर्थ सापडतो. जशी चोच, तसा चारा. चोच नीट पाहिली की पक्षी काय खातो ते कळते, आणि काय खातो ते कळले की तो कोण हेही बरेचसे कळते.

फिंच म्हणजे कोण?

जाड, आखूड, शंकूसारख्या चोचीच्या लहान दाणेखाऊ पक्ष्यांना इंग्रजीत सरसकट फिंच म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र हा शब्द एका ठरावीक कुळासाठी राखून ठेवतात. मराठीत या कुळाला रोजच्या वापरातला शब्द नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. महाराष्ट्राच्या सपाटीवर खरे फिंच फारसे राहतच नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडून एक गुलाबी छटेचा फिंच खाली उतरतो. त्याला हिंदीत तूती म्हणतात. बाकी आपल्या ओळखीचे दाणेखाऊ पक्षी वेगळ्या कुळांतले आहेत. चिमणीचे कुळ वेगळे, सुंदर घरटे विणणाऱ्या सुगरणीचे वेगळे आणि मुनियेचे आणखी वेगळे.

जपानी घरांत पिंजऱ्यात पाळतात तो 'जुशिमात्सु' पक्षीसुद्धा खरा फिंच नव्हे, तो मुनियाच आहे. एदो काळात चीनमधून आणलेल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून तो जपानात तयार झाला. तीच जंगली मुनिया आपल्या कोकणातही दिसते. म्हणजे जुशिमात्सु नात्याने आपल्या गावाकडचाच! लाल मुनियेची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. तिच्या शास्त्रीय नावातला 'अमांडावा' हा शब्द अहमदाबाद शहराच्या नावावरून आला, कारण पूर्वी पिंजऱ्यातल्या मुनिया तिथून परदेशी जात. जपानी लोक तिला 'बेनी-सुझुमे', म्हणजे लाल चिमणी म्हणतात.

चोचीतली गिरणी

सूर्यफुलाची एक बी तोंडात घेऊन, हात न लावता, फक्त दात आणि जीभ वापरून सोलून पाहा. जमते का? फिंच हे काम दिवसभर करतो, आणि त्याला तर दातही नाहीत.

त्याच्या वरच्या चोचीला आतून, दोन्ही कडांना खाचा असतात. जिभेने बी त्या खाचेत बसवायची आणि खालच्या चोचीने दाबायची. टरफल तडकले की जीभ बी फिरवत राहते, टरफल बाजूने गळून पडते आणि आतला गर पोटात जातो. फिंच बसला होता तिथे टरफलांचा कचरा पडतो तो असा. पुढचे काम पोटातल्या पेषणीचे. पक्षी बारीक खडे गिळतात. ते खडे पेषणीत जात्यासारखे काम करतात आणि गर दळला जातो.

चोचीची ताकद किती असते? 'शिमे' नावाचा एक दांडगा फिंच हिवाळ्यात आपल्या बागांत येतो. त्याचे वजन साधारण ५५ ग्रॅम, म्हणजे एका लहान अंड्याएवढे. तो चेरीची कोय फोडतो. चेरीची कोय फोडायला २७ ते ४३ किलो वजनाइतका दाब लागतो, असे मोजमापांत आढळले आहे. तुमच्या वर्गातल्या एका मुलाचे वजन या चिमुकल्या चोचीत मावते, असे समजा.

चोच आणि चारा यांचे नाते बेटांवर अधिकच ठळक दिसते. तोक्योपासून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला ओगासावारा बेटे आहेत. तिथे आपल्या इचिकावातल्या कावाराहिवा फिंचचा एक भाऊबंद राहतो. अंगाने तो लहान, पण त्याची चोच मोठी. आपल्याच चिबा प्रांतातील अबिको येथे यामाशिना पक्षिसंशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० साली दाखवून दिले की ही वेगळीच जात मानायला हवी. दुर्दैवाने हा पक्षी आता फार थोडा उरला आहे. माणसांबरोबर बेटावर पोचलेले उंदीर त्याची अंडी आणि पिल्ले खातात.

इचिकावातले दाणेखाऊ

कावाराहिवा : आपल्याकडचा सर्वांत सहज दिसणारा खरा फिंच हाच. आकार चिमणीएवढा, रंग तपकिरी-हिरवट, चोच फिकट गुलाबी. बसला असताना फारसा नजरेत भरत नाही, पण उडाला की पंखांवरचे पिवळे पट्टे चमकतात. 'कावारा' म्हणजे नदीचा काठ आणि 'हिवा' म्हणजे या जातीचा लहान फिंच. नाव अगदी योग्य आहे. हिवाळ्यात एदोगावाच्या काठावर सुकलेल्या गवतात आणि रानफुलांच्या बियांवर त्यांचे थवे उतरतात. त्यांचा आवाज जपानी मुलांना 'किरिकिरि-कोरोकोरो' असा ऐकू येतो. तुम्हाला मराठीत कसा ऐकू येतो, ते लिहून आणा. हा पक्षी घरटे बहुधा सदाहरित झाडांवर बांधतो. इचिकावा शहराचे झाड म्हणून निवडलेला काळा पाइन, म्हणजे 'कुरोमात्सु', त्याच्या आवडीचा. सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या तर ताटलीवर ठाण मांडून बसतो.

शिमे : मोठे डोके, आखूड शेपूट, भली जाड चोच आणि रागावल्यासारखा चेहरा. थव्यापेक्षा एकटा-दुकटा दिसतो. उत्तरेकडून हिवाळ्यात येतो. एनोकी, मुकुनोकी अशा झाडांच्या टणक बिया फोडून खातो. हिवाळ्यात त्याची चोच फिकट मांसल रंगाची असते, विणीच्या काळात ती शिशासारखी राखाडी होते.

आतोरी : छाती आणि खांदे नारिंगी. सायबेरियाकडून समुद्र ओलांडून येतो. एखाद्या वर्षी प्रचंड थवे येतात, तर एखाद्या वर्षी शोधून सापडत नाही. उत्तरेकडे झाडांना बिया किती धरल्या, यावर ते बरेच अवलंबून असते.

सुझुमे : ही जपानची चिमणी. ही फिंच नव्हे, पण ताटलीवर सर्वांत आधी हीच येणार. जरा निरखून पाहा, ही आजीच्या अंगणातली चिमणी नाही! महाराष्ट्रातल्या चिमणीत नर आणि मादी वेगळे दिसतात. चिमण्याच्या गळ्यावर काळा डाग असतो, चिमणी साधी मातकट असते. जपानी सुझुमेचे नर-मादी अगदी सारखे दिसतात आणि दोघांच्याही पांढऱ्या गालावर काळा ठिपका असतो. तेव्हा 'चिमणा कुठला?' असे इथे विचारून उपयोग नाही. दोन्ही चिमण्या बहिणी-बहिणी, पण जाती दोन. चिमण्यांची काळजी घेण्यासाठी २० मार्चला जो जागतिक चिमणी दिन पाळतात, त्याची कल्पना आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची. तो २०१० पासून पाळला जातो.

फिंच नव्हेत, पण येणारच

शिजूकारा ताटलीवर आला की पाहा, तो तिथे बसून खात नाही. एक बी उचलतो आणि फांदीवर पळतो. बी दोन पायांत धरून चोचीने ठोकठोक करून फोडतो. त्याची चोच बारीक आणि टोकदार आहे. तिच्यात गिरणी नाही, ती हातोडी आहे. फिंच आणि शिजूकारा यांतला फरक ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. बसून दळतो तो फिंच, घेऊन पळतो तो शिजूकारा. महाराष्ट्रातही त्याचा राखाडी भाऊ आहे, त्याला राखी वल्गुली म्हणतात.

शिजूकाराच्या बोलण्याचा अभ्यास जपानमध्ये फार छान झाला आहे. तोशिताका सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की हे पक्षी 'सावध राहा' आणि 'इकडे या' असे दोन आवाज ठरावीक क्रमाने जोडतात. क्रम बरोबर असेल तर ऐकणारे पक्षी इकडेतिकडे बघत जवळ येतात. क्रम उलटा करून ऐकवला तर तसे फारसे होत नाही. म्हणजे वाक्यात शब्दांचा क्रम चुकला की अर्थ बिघडतो, हे व्याकरणाच्या तासाला तुम्ही शिकता ते शिजूकारालाही ठाऊक आहे!

मेजिरो हिरवा, इवलासा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला. आपल्याकडे त्याच्या भावाला चष्मेवाला म्हणतात. त्याला दाणे नकोत, फुलातला मध आणि गोड फळ हवे. मिकान अर्धे कापून फांदीला खोचले की तो येतो. मागोमाग 'हियोदोरी' हा मोठा करडा बुलबुल येतो आणि चष्मेवाल्याला हुसकावून लावतो. ती भांडणे पाहण्यात सकाळ कशी जाते ते कळत नाही.

चौदा तासांची रात्र

डिसेंबरच्या अखेरीस इचिकावात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातच्या पुढे उगवतो. म्हणजे रात्र चौदा तासांची. कावाराहिवाचे वजन फार तर पंचवीस ग्रॅम, आणि अंग मात्र आपल्यापेक्षा गरम. लहान भांड्यातला चहा मोठ्या पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तशी लहान शरीराची ऊबही लवकर जाते. ती टिकवायला पक्षी दिवसभर खाऊन थोडी चरबी साठवतात, रात्री ती जाळतात आणि सकाळी पुन्हा भुकेले उठतात. रात्री पिसे फुलवून बसतात. पिसांत अडकलेली हवा दुलईचे काम करते. म्हणून सकाळी उजाडताना आणि दुपारी तीननंतर ताटलीवर सर्वांत जास्त गर्दी होते. पाहायला बसायचे तर या वेळा साधा.

प्रेमाने ठेवलेला दाणा घातक कधी होतो?

आता सर्वांत महत्त्वाचे. रानात पक्षी विखरून खातात. एका गवतावर दोन बिया खाल्ल्या की पुढच्या गवतावर. आपण ताटली ठेवली की तेच पक्षी रोज एकाच जागी, दाटीवाटीने येतात. एकाची विष्ठा आणि लाळ दुसऱ्याच्या दाण्यात मिसळते. त्यांतला एक जरी आजारी असला तरी रोग सर्वांना लागतो.

ही नुसती भीती नाही, असे घडले आहे. अमेरिकेत १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन परिसरात दाणे खायला येणाऱ्या हाउस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजलेले दिसू लागले. दिसेनासे झाल्यामुळे अनेक पक्षी उपाशी मेले, आणि ती साथ पुढे देशभर पसरली. ब्रिटनमध्ये २००५ पासून आपल्या कावाराहिवाच्या चुलतभावाला, ग्रीनफिंचला, घशाच्या एका रोगाने गाठले. त्याला अन्न गिळता येईना. थोड्याच वर्षांत तिथले लाखो ग्रीनफिंच कमी झाले. जपानमध्ये २००५-०६ च्या हिवाळ्यात होक्काइदोत मोठ्या संख्येने चिमण्या मेल्या. तपासणीत साल्मोनेला जंतू सापडले.

या तिन्ही ठिकाणी दाणे ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण पक्ष्यांना हेतू कळत नाही, त्यांना फक्त ताटली मिळते.

इथे आपली म्हण पुन्हा आठवा. ज्याने चोच दिली, त्याने चाराही दिला आहे. नदीकाठचे गवत आहे, एनोकीच्या बिया आहेत. इचिकावातला हिवाळा होक्काइदोसारखा बर्फात गाडलेला नसतो. आपण दाणे ठेवले नाहीत तर पक्ष्यांचे अडणार नाही. आपण ते ठेवतो पक्षी जवळून दिसावेत म्हणून, म्हणजे मुख्यतः आपल्या आनंदासाठी. मग त्या आनंदाची किंमत पक्ष्याने का मोजावी? ताटली धुण्याचे कष्ट आपलेच.

दाणे ठेवायचे असतील तर

१. फक्त हिवाळ्यात ठेवा, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये हळूहळू बंद करा.

२. एका दिवसात संपतील एवढेच दाणे घाला. संध्याकाळी उरलेले आणि खाली सांडलेले झाडून घ्या, नाही तर कबुतरे, कावळे आणि उंदीर येतील. चिऊबरोबर काऊही येतोच, आणि इथला काऊ चांगलाच मोठा असतो.

३. बिनमिठाच्या सूर्यफुलाच्या बिया फिंच आणि शिजूकारा यांना आवडतात. चिमण्यांना बारीक दाणे हवेत. दुकानात पक्ष्यांसाठी मिळणारे 'आवा' म्हणजे आपले राळे. शेव, फरसाण, खारे शेंगदाणे, पाव आणि शिळा भात देऊ नका.

४. आठवड्यातून एकदा तरी ताटली गरम पाण्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून मगच वापरा. त्यासाठी वेगळा ब्रश ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. नंतर साबणाने हात धुवा.

५. सुजलेल्या डोळ्यांचा, ओल्या चोचीचा किंवा पिसे फुलवून नुसताच बसून राहिलेला पक्षी दिसला, तर दाणे लगेच बंद करा आणि निदान दोन आठवडे ठेवू नका. थवा पांगला की साथही थांबायला मदत होते.

६. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. मोठ्यांना सांगा. हिवाळ्यात बर्ड फ्लूचा धोका असतो, त्यामुळे काय करावे ते शहराच्या कार्यालयाला विचारता येते.

७. पक्षी, पिल्ले, अंडी घरी आणायची नाहीत. परवानगीशिवाय रानपक्षी पकडणे जपानमध्ये आणि भारतातही कायद्याने मना आहे.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्यातील बहुतेक कुटुंबे इमारतींत राहतात. अनेक इमारतींच्या नियमांत पक्ष्यांना दाणे घालण्यास मनाई असते. आधी नियमावली वाचावी किंवा व्यवस्थापकांना विचारावे. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर टरफले आणि विष्ठा पडली, तर शेजाऱ्यांची तक्रार रास्तच ठरेल. शिवाय इथल्या गॅलऱ्या संकटकाळी बाहेर पडायची वाट असतात. दोन घरांमधल्या पातळ फळीसमोर काहीही ठेवू नये. परवानगी नसेल तर मुलांना सरळ 'नाही' सांगावे आणि बाहेर पाहायला न्यावे. तिथे थवे मोठे असतात आणि धुवायला ताटलीही नसते.

एदोगावाचा बांध सर्वांत जवळचा. तिथे गवतातले कावाराहिवा आणि सुझुमे पाहा. उत्तरेकडे ओमाची येथील बाग आणि जुन्साई तळ्याभोवतालची झाडी हिवाळ्यात चांगली. ग्योतोकुकडे राहणाऱ्यांसाठी तिथला पक्षिसंरक्षित भाग आहे. जुने निरीक्षणगृह २०१५ च्या अखेरीस बंद झाले, पण २०२० पासून त्या जागी 'आइनेसुतो' हे नवे केंद्र आहे. तिथे पाणपक्षी अधिक दिसतील. पावसाच्या दिवशी अबिकोचे पक्षिसंग्रहालय पाहावे. ते १९९० साली सुरू झाले.

आणखी एक सहल जानेवारीत करता येईल. 'उसो' नावाचा गुलाबी गळ्याचा, काळ्या टोपीचा एक फिंच जपानात आहे. 'उसो' या शब्दाचा दुसरा अर्थ खोटे. दर वर्षी २४ आणि २५ जानेवारीला कामेइदो तेन्जिन देवळात लोक जुना लाकडी उसो परत करून नवा घेतात. गेल्या वर्षीचे वाईट ते सारे खोटे ठरो आणि त्याचे चांगले होवो, अशी त्यामागची भावना. ही प्रथा तिथे १८२० पासून आहे. इचिकावाहून सोबू लाइनने कामेइदो फार लांब नाही.

वहीत काय लिहाल?

एक वही करा. पानावर पाच रकाने आखा : तारीख, वेळ, पक्षी, चोच कशी, खाल्ले कसे. नाव माहीत नसले तरी शेवटचे दोन रकाने भरता येतात. 'बसून दळले', 'घेऊन पळाला', 'पायात धरून ठोकले', 'चोच बुडवून रस प्याला' असे मराठीत लिहा. रोज दहा मिनिटे पुरेत. खिडकीपासून थोडे मागे, न हलता बसा.

मग रविवारी आजी-आजोबांशी बोलताना त्यांना सांगा, इथल्या चिमणीच्या गालावर तीट लावलेली असते. त्यांच्या अंगणात कोण कोण येते तेही विचारा. दसऱ्याला दाराला बांधलेल्या भाताच्या लोंब्यांवर चिमण्या कशा येत, हे त्यांतल्या अनेकांना आठवत असेल. कावाराहिवाला अजून घरोघरी रुळलेले मराठी नाव नाही. पंखांवरची पिवळी चमक, नदीचा काठ, किरिकिरि आवाज, यांतून एखादे छानसे नाव सुचते का पाहा. सुचलेली नावे कागदावर लिहून पुढच्या वर्गाला आणा. आपण ती फळ्यावर लिहू आणि त्यांतले एक निवडू.